किती महिने राहावं लागतं

आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत हल्ली मला भाजी घेतानासुद्धा अडवतात. "काका, तुम्ही तिकडे कॅनडाला जाऊन आलात ना? प्रांतवाल्या व्हिसावर गेलं तर तिथंच किती महिने राहावं लागतं?" विचारणाऱ्यांत कुणाचा मुलगा अर्ज भरत असतो, कुणाचा भाचा. मी एक्केचाळीस दिवस राहून आलो, म्हणजे मला माहीत असणारच, असं त्यांना वाटतं. उभ्या उभ्या सांगण्याचा आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझं वय चौपन्न. सरकारी नोकरीत तापीची पातळी वाचून वहीत मांडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. आता ऑफिसात बसून दुसऱ्यांनी मांडलेले आकडे तपासतो. आकडा चुकलेला मला दिसतो, आणि तो दुरुस्त झाला नाही तर जेवण गोड लागत नाही. बायको शोभा हिला याचा त्रास होतो, हे तिनं मला बऱ्याचदा सांगितलं आहे.

मुलगी पल्लवी इंदूरला रसायनशास्त्र शिकली. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका छोट्या गावाच्या पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर तिला नोकरी मिळाली. त्या गावाला चौदा महिने माणूस मिळत नव्हता. मग प्रांतानं केंद्र सरकारला कळवलं की ही मुलगी आम्हाला हवी आहे, हिला येऊ द्या. याला नामांकन म्हणतात. त्या जोरावर पल्लवी आणि जावई नितीनराव, दोघांनाही कायमचं राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळाला. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना तिथं अकरा महिने आणि चार दिवस झाले होते.

गावाचं नाव मी लिहीत नाही. वस्ती नऊशेची आहे, नाव लिहिलं तर माणसं ओळखू येतील.

विमानतळावर

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाय सुजले एवढंच. पहिला खोळंबा टोरंटोला झाला, तोही माझ्यामुळे. खाण्याचं काय आणलंय ते कळवा, असा फॉर्म होता. लोकांनी 'मिठाई' एवढं लिहून काम भागवलं. मी अकरा वस्तू वजनासकट लिहिल्या: कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ दोन किलो, दराबा दीड किलो, ज्वारीचं पीठ, तिखट, शेंगदाण्याची चटणी, असं सगळं. रांगेतले सगळे निघून गेले आणि आम्ही चाळीस मिनिटं उभे. अधिकारी बाईंनी दराब्याचा डबा उघडून विचारलं, हे काय? रवा, तूप आणि साखर खूप वेळ घोटली की होतं, असं मी सांगितलं. त्यांनी यादी पुन्हा वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकं खरं कुणी लिहीत नाही."

शोभा म्हणाली, "बघा, त्या बाईलाही कळलं चाळीस मिनिटांत."

तिथून दुसरं विमान, मग गाडीनं दोन तास. नितीनराव घ्यायला आले होते. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, इतकी सपाट की डोळा कुठं टेकवावा कळत नाही. आमच्याकडे कुठूनही निघा, सातपुड्याची एक तरी रेघ दिसते. इथं काहीच नव्हतं. बारा मिनिटांत समोरून एक गाडी आली. त्या ड्रायव्हरनं स्टीअरिंगवरून एक बोट उचललं, नितीनरावांनीही उचललं.

"ओळखीचे?" मी विचारलं.

"नाही पप्पा. इथं सगळे सगळ्यांना करतात."

गावात पहिले दिवस

गावात एक चौक, एक पोस्ट, एक किराणा, धान्याची उंच कोठारं आणि एक शाळा. आमच्याकडच्या छोट्या चांदनी स्टेशनावर पॅसेंजर निघून गेल्यावर जसं वाटतं, तसं तिथं सकाळी दहालाही वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी फिरायला निघालो. दोन किलोमीटरमध्ये तीन गाड्या थांबल्या. प्रत्येकानं काच खाली करून विचारलं, गाडी बंद पडली का? चालायला म्हणून चालतोय, हे त्यांना पटायला वेळ लागला. चौथ्या दिवशी मात्र कुणी थांबलं नाही. गावभर कळलं होतं, पल्लवीचे वडील चालतात.

त्याच दिवशी शोभानं भरीत करायचं ठरवलं. वांगी मिळाली, पण हिरवी नाहीत, जांभळी, भोपळ्याएवढी. गॅस नाही, विजेची शेगडी. तिनं वांगं थेट तापलेल्या कॉइलवर ठेवलं. चार मिनिटांत छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं. आम्ही दारं-खिडक्या उघडल्या, धूर बाहेर गेला. तो धूर बघून शेजारणीनं फोन केला आणि सहा मिनिटांत दाराशी पिकअप गाडी. आतून साठीतला उंच माणूस उतरला, हातात आग विझवायचं नळकांडं.

तो ग्लेन. पाण्याच्या प्लांटचा प्रमुख, म्हणजे पल्लवीचा साहेब. गावाला वेगळं अग्निशमन दल नाही. दहा-बारा जण आपापली कामं सांभाळून तेही करतात, त्यांतला तो एक. त्यानं वांग्याकडे बघितलं, मग शोभाकडे.

"मेलं आहे ते," तो म्हणाला. (तो इंग्रजीत बोलायचा, मी इथं मराठीत लिहितो आहे.)

शोभाला इंग्रजी येत नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली, "त्याला सांगा, मेल्याशिवाय चव येत नाही." मी सांगितलं. तो बसला. दोन भाकरी आणि तीन वेळा भरीत घेऊन, घाम पुसत, नळकांडं घेऊन गेला.

पाण्याच्या प्लांटवर

पाचव्या दिवशी पल्लवी मला प्लांट दाखवायला घेऊन गेली. तलावातून पाणी येतं, गाळलं जातं, क्लोरीन मिसळतं, टाकीत चढतं. सगळं मिळून आमच्या घराच्या दीडपट जागेत. आमच्या बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्याचं पाणी जमिनीखालून आपोआप वाहत आलं, त्याला पंप नाही की ऑपरेटर नाही. इथं दिवसातून दोनदा कुणीतरी पाण्याचा गढूळपणा आणि क्लोरीन मोजलं नाही, तर गावात 'पाणी उकळून प्या' अशी पाटी लागते.

कॉम्प्युटर आहे, तरी ग्लेन कागदाचीही वही ठेवतो. मला ती वही बघून बरं वाटलं. मागची पानं चाळली. पल्लवी यायच्या आधी एकाच हाताचं अक्षर होतं. सोमवार तेच, रविवार तेच, नाताळच्या दिवशीही तेच. मी मोजलं, सलग चारशे सव्वीस दिवस.

"सुट्टी नाही घेतली यानं?"

"कशी घेणार? दुसरा माणूसच नव्हता. एकच माणूस असला तर त्याला प्लांट सोडून जाता येत नाही पप्पा, तसा नियमच आहे. त्याला तेव्हाच रिटायर व्हायचं होतं."

चारशे सत्ताविसाव्या ओळीपासून पल्लवीचं अक्षर सुरू होत होतं. एक दिवस तिचं, एक दिवस त्याचं. शनिवार-रविवार आलटून पालटून.

जेवणाच्या टेबलावर

नितीनरावांबद्दल आता लिहायला हवं, कारण त्यांचाही काही दोष नाही. मेकॅनिकल इंजिनीअर, पुण्यात डिझाइनचं काम करायचे. या गावात त्यांना ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काम मिळालं. शेतकरी येतो, तुटका भाग काउंटरवर ठेवतो, हे त्याचा नंबर शोधून नवा काढून देतात. सगळे चांगलं वागतात. पण संध्याकाळी बोलायला माणूस नाही, उणे पस्तीसमध्ये गाडी सुरू होत नाही, आणि शिकलेलं हातातून जातं आहे हे त्यांना रोज दिसतं.

सतराव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "पप्पा, आम्ही जानेवारीत टोरंटोला शिफ्ट होतोय. माझ्या दोस्ताच्या कंपनीत जॉब पक्का झाला आहे. डिझाइनचाच."

पल्लवी वरण आणायला उठली होती. ती वरण घेऊन आली, सगळ्यांना वाढलं आणि खाली बसली. काही बोलली नाही.

आमच्याकडे जावई 'आम्ही' म्हणाले आणि मुलगी गप्प राहिली, तर ते दोघांचं ठरलं असं धरतात. मीही तसंच धरलं.

"पण तुमचं तर इथं राहायचं ठरलं होतं ना? प्रांतानं त्यासाठीच बोलावलं."

"कायदा काही रोखत नाही. पीआर मिळाल्यावर देशात कुठंही राहू शकतो. फाइल दाखवू?"

त्यांनी फाइल दाखवली. देशाचा हिशोब साफ होता: पाच वर्षांत सातशे तीस दिवस देशात काढा, परवाना राहतो. प्रांताच्या कागदावर मात्र एवढंच होतं की या प्रांतात राहून काम करण्याचा माझा हेतू आहे. खाली पल्लवीची सही. किती दिवस, किती महिने, काही नाही. मी पान उलटलं, मागंही काही नव्हतं. आकडा नसलेली सही मी नोकरीत कधी पुढं जाऊ दिली नाही.

मी पल्लवीला विचारलं, "ग्लेनला सांगितलंस?"

ती म्हणाली, "बघते." एवढंच.

आकड्याच्या शोधात

पुढचे चार दिवस मी तो आकडा शोधत होतो, हे कबूल करतो.

मोठ्या शहरात भारतीय किराण्याच्या दुकानात गेलो होतो. मालक पंजाबी होता, तोंडानं मोकळा. "अंकल, छे महीने। छे महीने बाद कोई नहीं पूछता।" त्याची बायको बिलाच्या काउंटरवरून म्हणाली, "क्यों झूठ बोलते हो? हम तो दो साल रुके थे।" तो म्हणाला, "हम इसलिये रुके क्योंकि तेरा भाई आ गया था।"

नितीनरावांनी अर्ज भरून देणाऱ्या टोरंटोतल्या एका सल्लागाराला फोन लावून दिला. तो सभ्य माणूस होता. त्यानं सांगितलं, आकडा नाही. उतरताना हेतू खरा असला पाहिजे. आठवड्यात निघून गेलात तर हेतू खोटा होता अशी शंका घेता येते, पुढं चौकशीही होऊ शकते. वर्षभर नोकरी केली, घर घेतलं, मग चांगलं काम मिळालं म्हणून गेलात, तर सहसा कुणी खोटं म्हणत नाही.

"पण मग किती?" मी विचारलं.

"सर, हेतूला महिने नसतात."

मी फोन ठेवला. पाणी गढूळ आहे असं म्हणून भागत नाही, किती गढूळ ते सांगावं लागतं. इथं तेही नव्हतं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, ज्याला जे सोयीचं ते.

शोभाचं म्हणणं वेगळं होतं. "महिन्यांचं सोडा. त्या माणसानं पत्र देऊन पोरीला बोलावलं. न सांगता उठून जायचं? मोठ्यांनी जाऊन रजा मागायची असते. आपण लालबागेतलं भाड्याचं घर सोडलं तेव्हा तुमचे वडील गेले नव्हते मालकाकडे?"

गेले होते, पेढे घेऊन. मालकही दारापर्यंत सोडायला आला होता. आमच्यात ही रीतच आहे: आधी घरातलं वडीलधारं माणूस जाऊन शब्द टाकतं, मग मुलं कागदाचं बघतात. वाईटपणा मुलांकडे जात नाही. मला ते पटलं. पल्लवी संकोचानं बोलत नाही, असं मी समजलो.

ग्लेनकडे

बाविसाव्या दिवशी शनिवार होता, ग्लेनची पाळी. मी दराब्याचा उरलेला डबा घेऊन चालत प्लांटवर गेलो. त्यानं कॉफी दिली. डबा बघून म्हणाला, "हे जाळावं लागतं का?"

"नाही, हे तसंच खायचं."

मग मी रात्रभर जुळवलेली वाक्यं बोललो. माझी मुलगी जानेवारीत जाते आहे. ती स्वतः सांगेलच, पण बाप म्हणून मी आधी आलो. तुम्ही तिला बोलावलंत, शिकवलंत. तिला आनंदानं रजा द्या.

त्यानं कप खाली ठेवला. त्याला ठाऊक नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तरी तो काही वाईट बोलला नाही.

"तिला कुणी बांधलेलं नाही," तो म्हणाला. "तिला हवं तिथं जाऊ शकते."

मी म्हणालो, "कागदावर महिने लिहिलेले नाहीत. तुमच्या मते किती योग्य होते?"

"मला कागदाचं माहीत नाही. मुलाखतीच्या वेळी मी तिला विचारलं होतं, किती राहशील. ती म्हणाली, दोन हिवाळे. मी ते कुठं लिहून घेतलं नाही." त्यानं कप बाजूला सारला. "पहिल्या हिवाळ्यात ती टिकली तेव्हा मी बायकोला म्हणालो, पुढच्या वसंतात मी सोडतो. तोवर ती सगळं एकटी सांभाळू लागेल, आणि तिच्या हाताखाली शिकायला कुणीतरी मिळेल."

दहा वाजले. तो उठला, मीटर वाचला, वहीत आकडा लिहिला, पेन खिशात ठेवलं.

"सांगितलंत ते बरं केलंत. मला आता माणूस शोधायला लागेल."

दरवाजापर्यंत सोडायला तो आला. रीत पूर्ण झाली. मी परत चालत आलो. एक गाडी थांबली, मी मान हलवून नको म्हणालो.

सोमवार संध्याकाळ

पल्लवी साडेपाचला आली. बूट न काढता आत आली, हे तिथं कुणी करत नाही.

"पप्पा, तुम्ही ग्लेनकडे गेला होता?"

"हो. रजा मागायला."

"कोणाची रजा?"

"तुझी. जानेवारीत चाललात ना तुम्ही."

"कोण म्हटलं मी चालली?"

"नितीनराव म्हटले. तुझ्यासमोर."

"आणि मी काय म्हटलं?"

"तू काही म्हटलं नाहीस."

"मग?"

शोभा मध्ये पडली, "अगं, जावयांनी सांगितलं, आम्हाला वाटलं तुमचं दोघांचं..."

"मम्मी, तू थांब. आज सकाळी ग्लेन मला विचारतो, लास्ट डे कोणता लिहू? टाउन ऑफिसात जाहिरातीचं पण बोलून आला तो. मला माहीतच नाही मी कुठं चालली ते. पूर्ण हफ्ता झाला, नितीनशी माझं रोज हेच चालू आहे की मी आत्ता येत नाही. तुमच्यासमोर तमाशा नको म्हणून मी चूप होती."

नितीनराव मागोमाग आले होते. दारातच उभे.

"तू आपल्या दोघांचं बोललास ना?" पल्लवी त्यांना म्हणाली. "माझं तुला कोणी सांगितलं?"

"मग तू बोलायचं होतं ना त्या दिवशी," नितीनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "अकरा महिने मी नटबोल्टचे नंबर शोधतो. इथं माझं काय आहे? तुझं पाणी आहे, तुझा ग्लेन आहे."

"मी त्याला दोन हिवाळे म्हटलं होतं."

"ते तू म्हटलं होतंस. मी नाही."

"हो. मीच म्हटलं होतं."

मग ती माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही दुकानदाराला विचारलं, एजंटला विचारलं, ग्लेनला विचारलं, किती महिने राहायचं. मला विचारलं एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. आकडा घरातच होता, समोर बसून जेवत होता. मी अडीच हजार किलोमीटरवरच्या एजंटला फोन केला आणि तिला विचारलं नाही. चूक कुठं झाली ते शोधायची सवय असलेल्या माणसाला ही चूक स्वतः शोधता आली नाही, ती दुसऱ्या कुणीतरी दाखवावी लागली.

मी म्हणालो, "मी जाऊन ग्लेनला सांगतो, माझी चूक झाली."

"नको. मी जाते. तुम्ही घरी बसा."

बूट पायात होतेच, ती तशीच परत गेली.

बर्फ

गाव नऊशेचं. गुरुवारपर्यंत पोस्टातली बाई मला म्हणाली, तुमची मुलगी जाते हे ऐकून वाईट वाटलं. जात नाही, असं मी सांगितलं. किराण्यात पुन्हा तेच. मी चालणं बंद केलं. त्या आठवड्यात मी दिवसातून दोनदा खिडकीबाहेरचा थर्मामीटर वाचला आणि बाकी काही केलं नाही.

तिसाव्या दिवशी बर्फ पडला. लोकांनी आम्हाला बाहेर बोलावलं, हातात घेऊन बघा म्हणाले. शोभानं घेतलं आणि लगेच टाकलं. "फ्रिज साफ करताना निघतं तेच आहे," ती म्हणाली. नितीनराव आणि पल्लवी दोन फावडी घेऊन दारासमोरचा रस्ता साफ करत होते. एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाचं फावडं दुसऱ्याच्या बर्फात जात नव्हतं. अकरा महिन्यांत त्यांची वाटणी ठरून गेली होती. ते गाडीपर्यंत, ती पायरीपासून.

जाहिरात टाउन ऑफिसानं काढून टाकली. पल्लवीनं लेखी दिलं म्हणे, या हिवाळ्याअखेरपर्यंत मी आहे. तारखेसकट दिलं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. ग्लेन एकदा रस्त्यात भेटला. त्यानं पिकअपच्या स्टीअरिंगवरून एक बोट उचललं, जसं सगळ्यांना उचलतात तसं.

टोरंटोचं काय, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. चार माणसांच्या घरात तो विषय एका कोपऱ्यात पडून होता आणि सगळे त्याला वळसा घालून चालत होते. शोभा रोज काहीतरी करायची, शेवभाजी, खिचडी, कळण्याची भाकरी. सगळे छान झालं म्हणायचे आणि उठायचे.

परतीचा रस्ता

एक्केचाळिसाव्या दिवशी गुरुवार होता, पल्लवीच्या पाळीचा. ती सकाळी निघाली तेव्हा आम्ही बॅगा बांधत होतो. तिनं वाकून नमस्कार केला. "पप्पा, चुकलात तुम्ही. पण पोचल्यावर फोन करा." मी बरं म्हणालो.

विमानतळापर्यंत नितीनरावांनी सोडलं. शेतं आता पांढरी होती, रस्ता काळा. शंभर किलोमीटर मागे पडले. मग ते पुढं बघतच म्हणाले, "पप्पा, मी जातो. जानेवारीतच. तिला इथं राहायचं तर राहू दे."

मागच्या सीटवर शोभानं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"तिला सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, जा. रागानं नाही म्हणाली." मग ते म्हणाले, "एक काम करा ना. घरी गेल्यावर तिला समजवा. हिवाळा संपला की मार्चमध्ये ये म्हणावं. तुमचं ऐकते ती."

"ऐकत नाही. आणि ऐकत असली तरी मी सांगणार नाही."

"अहो, एवढं तर सांगा," शोभा मागून म्हणाली. "नवराबायको आहेत ते. किती दिवस असे दोन टोकांना?"

"नितीनराव," मी म्हणालो, "मार्च की एप्रिल, यायचं की नाही, ते तिला विचारा. ती काय म्हणते ते मला कळवायचं तर कळवा. तिच्या वतीनं मी एकदा बोललो. आता तुमच्या वतीनंही बोलत नाही."

समोरून ट्रक आला. त्यांनी बोट उचललं.

विमानतळावर त्यांनी बॅगा उतरवल्या, ट्रॉली आणली, वाकून नमस्कार केला. त्यांचा हात गार होता. मला त्यांची दया आली आणि ती मी दाखवली नाही, एवढंच मला जमलं.

घरी

तर लालबागेतल्या विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं. देशाचे सातशे तीस दिवस आहेत, ते मोजा. प्रांताचा आकडा कागदावर नाही, कुणी सहा म्हणालं किंवा चोवीस म्हणालं तर तो त्याचा आकडा आहे. तुमच्या मुलानं किंवा मुलीनं तिकडच्या माणसाला तोंडी काय सांगितलं आहे, ते त्यांना विचारा. बायको किंवा नवरा बरोबर जाणार असेल तर त्यालाही वेगळं विचारा. दोघं एकत्र बसलेले असताना नको.

नितीनराव जानेवारीत टोरंटोला गेले. अडीच हजारांहून जास्त किलोमीटर. बुऱ्हाणपूरहून कन्याकुमारीसुद्धा एवढी लांब नाही. काम चांगलं आहे म्हणतात. पल्लवी तिथंच आहे. तिकडे उणे एकतीस चालू आहे. ती फोनवर प्लांटचं सांगते, टोरंटोचं सांगत नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी सहाला विहीणबाईंचा अकोल्याहून फोन आला. त्या भल्या आहेत, पण त्या दिवशी चिडल्या होत्या.

"तुम्ही तिथं जाऊन काय करून आलात हो? माझा मुलगा एकटा हाताने जेवण करून खातो. पोरगी नवऱ्याला सोडून नळाचं पाणी मोजत बसली आहे. लोक विचारतात मला."

"चूक केली मी तिथं," मी म्हणालो. "ते खरं आहे."

"मग दुरुस्त करा. तुम्ही बाप आहात. सांगा तिला, सामान बांध आणि नवऱ्याकडे जा. कधी जाते ते विचारून मला कळवा."

"मी विचारणार नाही, विहीणबाई. तुम्ही विचारा."

"मी? मी सासू आहे. मी विचारलं तर भांडण होईल."

"होईल कदाचित. ती उत्तरही देईल. ती काय म्हणाली ते मग तुम्हाला तिच्याकडूनच कळेल."

मी घड्याळाकडे बघितलं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते.

"तिथं आत्ता सकाळचे साडेसहा वाजलेत," मी सांगितलं. "ती उठलेली असेल. आठला कामावर जाते. त्याआधी लागेल फोन."

त्यांनी फोन ठेवला. शोभा स्वयंपाकघरातून विचारत होती, काय म्हणाल्या. मी सांगितलं. "लावतील का हो त्या?" ती म्हणाली.

लावला की नाही, मला माहीत नाही. पल्लवीचा फोन त्यानंतर दोनदा आला. मी विचारलेलं नाही.